स्टोव्हची बंदूक

खोटं मी बोललो नाही, हे आधीच लिहून ठेवतो. मी फक्त "व्हय" म्हणालो होतो. त्या एका शब्दाने पुढची चाळीस वर्षं माझी पाठ सोडली नाही, ही गोष्ट वेगळी.

फौजेत भरती झाल्यावर पहिल्या सुट्टीला मी गावी आलो, तेव्हाची गोष्ट. आमचं गाव वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर, विंझरच्या थोडं अलीकडे. एसटीच्या टपावरून काळी लोखंडी ट्रंक उतरवली आणि ती खाली टेकायच्या आत अर्धा गाव पारावर जमला. कुणी विचारलं थंडी किती, कुणी विचारलं मटण रोज देतात का. माझे एक चुलत चुलते होते. ते सगळ्यांना गप्प करून पुढे आले आणि म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. बंदूक चालवली का रं?"

मी म्हणालो, "व्हय."

आणि ते खरंच होतं. फौजेत न्हावी म्हणून जा, धोबी म्हणून जा, ट्रेनिंगमध्ये बंदूक हातात देतातच. मीही पाच गोळ्या झाडल्या होत्या. दोन निशाण्याला लागल्या, बाकीच्या तीन कुठे गेल्या ते त्या डोंगराला माहीत. चुलत्यांनी विचारलं तेवढ्याचं उत्तर मी दिलं, पुढचं सगळं काम गावाने केलं. संध्याकाळपर्यंत मी सीमेवर पोचलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांत मी दोन माणसं टिपली. सुट्टी संपून परत निघालो तेव्हा तो आकडा सातावर गेला होता, आणि माझी आई प्रत्येकाला सांगत होती की पोरगं वाळलंय, पण हिंमत बघा.

खरी गोष्ट अशी की मी लांगरी होतो. फौजेत स्वयंपाकघराला लंगर म्हणतात आणि स्वयंपाक्याला लांगरी. मी गेलो होतो शिपाई व्हायलाच. पुण्याच्या मैदानावर पळालो, उड्या मारल्या, पण छाती फुगवायची वेळ आली तेव्हा ती काही केल्या फुगेना. मापाची पट्टी धरणारा हवालदार वैतागून म्हणाला, "अबे, सांस ले!" माझ्या अंगात मावेल तेवढा श्वास मी घेतलाच होता. त्यांनी मला बाजूला काढलं. परत निघणार एवढ्यात दुसऱ्या टेबलावरच्या साहेबाने विचारलं, रोटी करता येते का? मला बहीण नव्हती, मी घरात थोरला, आणि आई दिवसभर खाचरात. सातवीपासून घरातल्या नाचणीच्या भाकरी मीच थापत होतो. येते म्हणालो. त्यांनी कणीक मळायला लावली, मी तव्यावर पाच चपात्या टाकल्या, त्यातल्या चार गोल झाल्या. पाचवीबद्दल कुणी काही बोललं नाही.

तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. डोंगराखालचा गडी, आणि बंदुकीऐवजी हातात झारा! पण वर्ष-दोन वर्षांत मला ते काम आवडायला लागलं, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. सकाळी सव्वाशे माणसांच्या पुऱ्या तळायच्या, सगळ्या फुगलेल्या, आणि परेडवरून आलेली पोरं ताट पुढे करून उभी राहायची. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे दिसायचं ते मोठ्या साहेबांना सॅल्यूट ठोकताना दिसत नसे. पंजाबी गड्यांना डाळ घट्ट लागायची, मद्राशांना भात लागायचा, आणि आपले मराठी गडी कुठेही गेले तरी हिरव्या मिरचीच्या ठेच्यावरून हळवे व्हायचे. मी सगळ्यांचं सांभाळायचो. हाताला चव होती माझ्या, आता लिहायला कशाला लाजू.

दुसऱ्या सुट्टीत माझं लग्न झालं. मुलगी पानशेतच्या बाजूची. सासऱ्यांनी सोयरिकीच्या बैठकीत चार लोकांत सांगितलं, "जावाई बंदुकीवरचा हाय." मी जाजमावरचा एक धागा उपटत बसलो. लग्नानंतर हिला सांगू असं ठरवलं होतं. पण सुट्टी महिनाभराची, त्यात देवदर्शन, त्यात पाहुणे, आणि ही माझ्याकडे अशी बघायची की मी डोंगरच उचलून आणलाय. त्या नजरेला "मी पुऱ्या तळतो" हे सांगायला माझी जीभ वळली नाही. पुढच्या सुट्टीला सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. माझी नोकरी सगळी लांबलांबच्या ठिकाणी, ही गावातच राहिली, कधी पलटणीत आलीच नाही. तिला लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे कागदांवर काय लिहिलंय याचाही प्रश्न आला नाही. चोवीस वर्षांनी मी हवालदार होऊन घरी आलो तरी सांगायचं राहिलेलंच होतं.

आणि घरी आल्यावर खरी कसरत सुरू झाली. मला स्वयंपाकघराकडे फिरकायची सोय उरली नाही. हात शिवशिवायचे. ही मोहरी तडतडायच्या आधीच कांदा टाकायची आणि मी उंबऱ्यावर बसून दात आवळायचो. एकदा तोंडातून निघून गेलं, "अगं, तेल तापू दे की." ती वळून बघायला लागली. मी म्हणालो, "रेडिओवर सांगत होते." ती कढई माझ्या रेडिओकडे करून म्हणाली, "त्याला म्हणावं, ये आन कर."

गावच्या सप्ताहात तर माझी परीक्षाच व्हायची. शेवटच्या दिवशी भंडारा, हजार माणसांचा भात. तरणी मंडळी चुलवणात लाकडं कोंबायची आणि मला वीस पावलांवरून वास यायचा की तळ धरला. अजून दोन मिनिटांत ओढली नाहीत लाकडं तर सगळा भात करपणार. मी खुर्चीवर हार घालून बसलेला असायचो, सीमेवरचा माणूस. हजार माणसांनी दरवर्षी करपट भात खाल्ला तो माझ्यामुळे, हे पाप माझ्या नावावर आहे.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं नेता येत नाही. गेल्या पावसाळ्यात भातलावणीच्या वेळी ही बांधावरून घसरली आणि उजव्या मनगटावर पडली. नसरापूरच्या डॉक्टरांनी पट्टा दिला आणि बजावलं की भाकरी थापणं बंद. मुलगा-सून पुण्याला, घरात आम्ही दोघंच. ती दोन दिवस थांबली आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने थापायला बसली. भाकरी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, आणि तिच्या कपाळावर घाम. मी उठून परात माझ्याकडे ओढायला हवी होती. दहा मिनिटांचं काम होतं. पण ओढली असती तर ती म्हणाली असती, तुमाला हे येतं तर येवढी वर्सं का न्हाई थापली? आणि एका भाकरीवरून चाळीस वर्षांचं सगळं उलगडलं असतं. मी म्हणालो, "राहू दे, भात कर." रोज हेच म्हणत राहिलो. एवढा भित्रेपणा मी फौजेत, बर्फातल्या चौकीवरही केला नव्हता.

अशात यंदाचा सव्वीस जानेवारी आला. आमच्या सरपंचबाई तरुण आहेत, उत्साही आहेत, आणि त्यांना दर कार्यक्रमाला फ्लेक्स लागतो. गावातल्या माजी सैनिकांचा सत्कार ठरला. आम्ही चौघं. मोबाईलवर गावच्या ग्रुपमध्ये निमंत्रण आलं आणि प्रमुख पाहुण्यांचा फोटो बघून माझा चहा कपातच राहिला. पाहुणे भोरचे एक निवृत्त सुभेदार होते. माझ्याच पलटणीतले. वरच्या चौकीवर अकरा महिने आम्ही एका तंबूत झोपलो होतो.

भोर गावातल्या मुसलमान घरातला हा माणूस. वडील शिंपीकाम करायचे. आम्ही चौकीवर होतो तेव्हा तो नाईक होता, बावीस-तेवीस वर्षांचा, तापट, आणि खाण्याच्या बाबतीत भलता चोखंदळ. ईदेला मी त्याला दुधाच्या पावडरीचा शिरखुर्मा करून दिला होता, तर म्हणाला, आमच्या अम्मीसारखा नाही, पण तू लांगरी आहेस म्हणून सोडतो. म्हणजे माझं सगळं ओळखून असलेला, गावाच्या मांडवात माईकसमोर उभा राहणारा माणूस. मला चार रात्री झोप नीट लागली नाही.

इथे आमचा एक अलिखित नियम सांगायला हवा. सिव्हिलियन लोकांसमोर एका फौजीने दुसऱ्या फौजीची गोष्ट तोडायची नाही. आमच्या चौघांतले एक गृहस्थ सगळी नोकरी कपड्यांच्या भांडारात होते. लग्नाच्या मांडवात ते विमानातून उडी मारल्याचं सांगतात, आणि आम्ही तिघं माना डोलावतो. एक जण तर "वारा लई हुता त्या दिवशी" अशी भरही घालतो. बाहेर गेल्यावर हसायचं तेवढं हसतो, पण मांडवात कुणी बोट घालत नाही. या नियमावर माझा भरवसा होता. तरी म्हटलं, पाहुण्यांना आधी गाठून कानावर घातलेलं बरं.

सकाळी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. पण माझ्या आधीच सरपंचबाई, हलगीवाले, हार आणि दोन मोबाईलवाले तिथे हजर. सुभेदार नातवाच्या मोटरसायकलवरून उतरले. केस पांढरे, पाठ अजून ताठ. मी पुढे होऊन म्हणालो, "साहेब, एक बोलायचं होतं..." तोवर त्यांच्या गळ्यात हार पडला आणि हलगी सुरू झाली. पण त्यांची नजर माझ्या मागे गेली होती. माझ्या मागे फ्लेक्स होता. त्यात माझं आधार कार्डावरचं तोंड कुणाच्या तरी धिप्पाड अंगावर बसवलेलं, हातात मशीनगन, मागे रणगाडा, आणि वर लिहिलेलं, सीमेवरचा ढाण्या वाघ. सुभेदारांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "बरं दिसतंय. मिशी कुणाची आहे?"

मी हात जोडले. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना कळलं होतं. मी सुटलो असं मला वाटलं.

झेंडावंदन झालं, पोरांची गाणी झाली, आमच्या अंगावर शाली पडल्या. शाळेच्या पटांगणात पुढे गडीमाणसं बसली होती, बाजूला पायऱ्यांवर बायका, त्यांत आमची हीसुद्धा, पट्टा बांधलेला हात मांडीवर धरून. सुभेदार बोलायला उठले. दोन शब्द देशाबद्दल, दोन शब्द सरपंचबाईंबद्दल, आणि मग म्हणाले, "तुमच्या गावच्या या माणसाची एक गोष्ट सांगतो."

आता खरं काय घडलं होतं ते आधी सांगतो. चौकीवर आम्ही अठरा जण होतो आणि बर्फाने वाट बंद झाली. खालून सामान यायचं थांबलं, ते अकरा दिवस थांबलं. माझ्याकडे तांदूळ होते, डाळ होती, डब्यातले वाटाणे होते. रॉकेल मात्र बेताचं. त्या उंचीवर भात साध्या पातेल्यात शिजत नाही, आणि मोठ्या कुकरची रिंग तिसऱ्याच दिवशी गेली. मी पातेल्याच्या झाकणाला भोवती कणकेचा लेप लावला, वर दगड ठेवला आणि खिचडी शिजवली. पाण्यासाठी बर्फ वितळवायचा, त्यालाही रॉकेल. रॉकेल थंडीने घट्ट व्हायचं, स्टोव्ह फरफरून विझायचा. मग मी स्टोव्हच्या टाकीला माझं ब्लँकेट गुंडाळायला लागलो आणि स्वतः कोट घालून झोपायला लागलो. सहाव्या दिवशी पोरांचा धीर सुटला. सगळ्यांना शेकायला हवं होतं. तंबू तापवायच्या शेगडीत टाकायला एक जण रॉकेलचा डबा उचलायला आला. मी डब्यासमोर झारा घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "शेकायचं असेल तर आज शेका, परवा उपाशी मरा. एक पाऊल पुढं टाकलंस तर डोक्यात घालीन." तो माझ्यापेक्षा हातभर उंच होता. आम्ही बराच वेळ तसेच उभे होतो. शेवटी तो मागे फिरला. अकराव्या दिवशी वाट मोकळी झाली तेव्हा डब्यात तळाला बोटभर रॉकेल होतं, आणि अठराच्या अठरा जण चालत खाली उतरले.

आता सुभेदारांनी काय सांगितलं ते ऐका. बर्फ तोच, अकरा दिवस तेच, अठरा माणसं तीच. "सहाव्या दिवशी," ते म्हणाले, "दुश्मन चौकीच्या तोंडाशी आला. सगळ्यांचा धीर सुटला होता. हा तुमचा माणूस एकटा बंदूक घेऊन उभा राहिला. म्हणाला, एक पाऊल पुढं टाकलंस तर..." पटांगणात एवढी शांतता की झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती ती ऐकू येत होती. "स्वतःचं ब्लँकेट त्यानं मशीनगनला गुंडाळलं, थंडीने ती अडकू नये म्हणून!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हलगीवाल्याने एक ठोका दिला. मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. माणसाने नियम पाळला होता, उलट चार पदरचं घातलं होतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ब्लँकेट मी स्टोव्हला गुंडाळलं होतं! आयुष्यात जे एक काम मी छाती काढून सांगावं असं केलं, ते माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच कुणाचं झालं. माझ्या स्टोव्हची बंदूक झाली. त्या फ्लेक्सवरच्या धिप्पाड मिशीवाल्याने ते केलं, आणि गाव त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होतं.

मी उठलो आणि माईक ओढला. "खोटं आहे ते," मी म्हणालो.

आमच्या चौघांतल्या तिघांच्या माना एकदम वळल्या. भांडारवाले तर डोळे मोठे करून मला खाली बसायची खूण करायला लागले. त्यांच्या विमानाची त्यांना काळजी पडली असणार. पण माझा तोल गेला होता. मी म्हणालो, "दुश्मन बिश्मन कुणी आलं नव्हतं. मी फौजेत लांगरी होतो. चोवीस वर्षं स्वयंपाक केला. ती बंदूक नव्हती, स्टोव्ह होता." आणि मग कणकेच्या लेपापासून बोटभर रॉकेलपर्यंत सगळं सांगून टाकलं. रॉकेल न्यायला कोण आला होता ते तेवढं सांगितलं नाही. नियमाचा एवढा तुकडा मी राखला.

सरपंचबाईंनी फ्लेक्सकडे पाहिलं. मग पायऱ्यांवरून एक म्हातारी, नात्याने माझी काकू, खणखणीत आवाजात म्हणाली, "कणकेचा लेप निघत न्हाई का रं शिजताना?"

"निघतो," मी म्हणालो. "तेल लावून लावायचा. आणि आच आधी मंद."

"आन मीठ? अठरा मान्सांना किती टाकायचं?"

"मुठीने. माझी मूठ."

मग सगळीकडून सुरू झालं. बचत गटाच्या बायकांनी शंभर माणसांची डाळ किती ते विचारलं. चुलवणावरच्या एका गड्याने ओरडून विचारलं, "आबा, मग सप्त्याचा भात का वं करपतुया दर साली?" मी म्हणालो, "कारण तुम्ही गाढवासारखी लाकडं घालता!" पटांगण हसायला लागलं आणि मीही हसलो. चाळीस वर्षं पोटात धरलेला श्वास सुटला, छातीचं माप आता घेतलं असतं तर नक्की बसलं असतं. सुभेदार माझ्या शेजारी येऊन माईकमध्ये म्हणाले, "रॉकेल चोरायला गेलेला मीच होतो. अकरा दिवस याची खिचडी खाल्ली. अजून आमच्या घरात कुणाला खिचडी करू देत नाही." यावर तर लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. येत्या सप्त्याचा भात माझ्या देखरेखीखाली व्हायचा असं सरपंचबाईंनी तिथेच जाहीर केलं.

मी हिच्याकडे बघायला पायऱ्यांकडे वळलो. तिची जागा रिकामी होती.

सुभेदारांना जेवायला घरी घेऊन गेलो. त्यांना ओसरीवर बसवलं आणि आत गेलो. ती परातीपुढे बसली होती. मनगटाचा पट्टा सोडून बाजूला ठेवलेला, परातीत नाचणीचं पीठ. तिने वर पाहिलं नाही.

"पाव्हण्यांना पानी दिलं का?" तिने विचारलं.

"देतो. अगं, ऐक..."

"आयकलं की. समद्या गावाबरं आयकलं." ती पिठात पाणी घालत म्हणाली. "त्या अठरा जनांना ठावं व्हतं. भोरच्या पाव्हण्यांना ठावं व्हतं. मलाच तेवढं न्हाई."

मी उंबऱ्यावरच उभा होतो. बाहेर आत्ता मला उचलून घ्यायचं बाकी ठेवलं होतं लोकांनी, आणि इथे पाय उचलेना.

"तुमी सैपाकी हाय म्हनून मला काय वाटायचं व्हतं?" ती म्हणाली. "बरंच वाटलं असतं. पर आवो, गेलं सा म्हयनं डाव्या हातानं थापतीया. येकदा दुखून रडले बी. तवा तुमी हितंच बसला व्हता, ह्याच उंबऱ्यावर. आन म्हनला, भात कर."

गावाला फसवलं त्याची लाज मला पटांगणात वाटली नव्हती. ती इथे वाटली, आणि अशी वाटली की कान गरम झाले. मी आत जाऊन तिच्या समोर बसलो आणि परात माझ्याकडे ओढली. तिने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. मी ओढत राहिलो नाही, नुसता हात ठेवून बसलो. काही वेळाने तिने सोडली, उठली, आणि भिंतीला टेकून बसली.

पहिली भाकरी कडेला चिरली. मी ती मोडून पुन्हा मळली. दुसऱ्या खेपेला हाताला आठवलं. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, विस्तवावर धरली आणि ती टम्म फुगली. ताटात घेऊन, बाजूला लसणाची चटणी घालून मी ती तिच्यापुढे सरकवली.

"आदी पाव्हण्यांना," ती म्हणाली.

ओसरीवरून सुभेदारांचा आवाज आला, "वहिनी, मला घाई नाही. तुम्ही खा."

तिने वाफ जाऊ दिली. डाव्या हाताने ताट धरून उजव्या हाताने तुकडा मोडला, चटणीला लावला आणि खाल्ला. दुसरा मोडला. काही बोलेना. मीठ कमी झालं का, कच्ची राहिली का, मला काही कळेना, आणि स्वयंपाक्याला ती शांतता सोसत नाही.

"कशी झालीय?" मी विचारलं.

ती तुकडा हातात धरून थांबली. "गरम भाकरी लग्नाआदी खाल्ली व्हती," ती म्हणाली. "आईनं वाढलेली. त्याच्यानंतर आज खाल्ली."

तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. मी खाली मान घालून दुसरी थापायला घेतली.